इशारा वाजला होता

७ मार्च २००७ च्या सकाळी गरुडा इंडोनेशियाचं बोइंग ७३७ योग्याकार्ताला उतरत होतं. वेग अवाच्या सवा, पंखांचे फ्लॅप अर्धवट, आणि तरीही कॅप्टनने नाक धावपट्टीकडे दाबून धरलेलं. जमीन फार वेगाने जवळ येते आहे असं बजावणारी यंत्रणा त्या उतरणीत पंधरा वेळा ओरडली. शेजारच्या सहवैमानिकाने 'गो-अराऊंड' म्हटलं, म्हणजे उतरणं सोडा आणि विमान पुन्हा वर घ्या. चाकं टेकली तेव्हा वेग २२१ नॉट होता, असायला हवा त्याहून ८७ नॉट जास्त. विमान पट्टी ओलांडून भातखाचरात गेलं आणि पेटलं. १४० पैकी २१ जण गेले.

विमान पडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: बिघाड कशात होता? धोक्याची सूचना देणारं यंत्र नव्हतं का? उतरतानाच्या अपघातांचे चौकशी अहवाल एकापाठोपाठ एक वाचले, तर उत्तर बहुतेकदा भलतंच मिळतं. यंत्र होतं, चालू होतं, बोललं. बऱ्याचदा माणूसही बोलला. अडलं ते त्याच्या पुढे. इशारा ऐकून उतरणं सोडून देण्याची मुभा आणि सवय कॉकपिटमध्ये नक्की कोणाला आहे, इथेच घोडं पेंड खातं. आणि वैमानिकांचं प्रशिक्षण नेमकं याच जागी सर्वांत कच्चं आहे, असं माझं मत आहे.

यंत्रांना मात्र त्यांचं श्रेय द्यायला हवं. धडधाकट विमान, शुद्धीवर असलेले वैमानिक, आणि तरी ढगात डोंगरावर धडक, हा एके काळी प्रवासी विमानांचा सर्वांत मोठा मारेकरी होता. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने त्यावर जमिनीची चाहूल देणारं यंत्र घडवलं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळून ९२ जण गेले, तेव्हा अमेरिकेने ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं केलं. पहिल्या यंत्राला फक्त पोटाखालची जमीन कळायची, समोरचा कडा नाही. पुढे सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिकडचे डोंगरदऱ्यांचे नकाशे विकत मिळाले, बेटमन यांच्या चमूने ते यंत्रात भरले, आणि समोरचा डोंगर आधीच पडद्यावर दिसू लागला. ज्या विमानांवर हे सुधारित यंत्र आलं, त्यांच्यात तसे अपघात जवळजवळ थांबले.

मग तोच आवाज डोंगरापाशी ऐकला जातो आणि धावपट्टीपाशी का नाही? ढगात 'पुल अप' ऐकू आलं तर वाद घालायचा नाही, नाक वर आणि पूर्ण ताकद, हे वैमानिकाच्या हाडीमासी भिनवलेलं असतं. बाहेर काहीच दिसत नसतं, त्यामुळे यंत्रावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतरही नसतं. धावपट्टी समोर दिव्यांनी उजळलेली दिसत असते तेव्हा हिशेब बदलतो. पट्टी दिसते आहे, एवढ्या वर्षांचा हात आहे, अजून थोडं खाली दाबलं की जमेल. आता 'सिंक रेट', म्हणजे फार वेगाने खाली येतो आहोत, हा शब्द आज्ञा राहत नाही, कटकट होते. शिवाय ताण वाढला की माणसाचं लक्ष आक्रसतं आणि कान सर्वांत आधी मिटतात. वाचलेले वैमानिक नंतर शपथेवर सांगतात की आम्हाला आवाज आलाच नाही. रेकॉर्डरवर तो खणखणीत असतो.

आपल्या देशातले दोन अपघात इथे सविस्तर पाहायला हवेत. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचं ८१२ क्रमांकाचं उड्डाण दुबईहून मंगळुरूला येत होतं. १६६ जणांपैकी ८ वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या आवाजांचं दोन तास पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण त्यांच्या हाती लागलं. त्यात पहिला एक तास चाळीस मिनिटं दोघांत संभाषण जवळपास नाहीच. ऐकू येतं ते कॅप्टनचं घोरणं. मंगळुरूचं रडार दोन दिवसांपूर्वीच बंद पडलेलं, त्यामुळे विमान खाली आणायला उशीर झाला. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाची बुद्धी काही वेळ जडच राहते. त्या अवस्थेत कॅप्टनने हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून विमान खाली रेटायला सुरुवात केली. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराऊंडची आठवण केली. यंत्र 'सिंक रेट' आणि 'पुल अप' म्हणत राहिलं. सुमारे ८,००० फुटांच्या पट्टीवर ५,२०० फूट सोडून विमान टेकलं.

यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेव्हाही पूर्ण ब्रेक दाबले असते तर विमान पक्क्या भागावरच थांबलं असतं, असा हिशेब अहवालात आहे. पण इंजिनांचा उलटा जोर लावून झाल्यावर कॅप्टनने तो काढून उड्डाण करायचा प्रयत्न केला. गो-अराऊंड केलं, फक्त ते शक्य नव्हतं तेव्हा. पट्टीच्या टोकापलीकडे दिशादर्शक अँटेनाचा काँक्रीटचा सांगाडा होता. उजवा पंख त्यावर आपटला आणि विमान दरीत गेलं.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२०. कंपनी तीच, मार्ग दुबईहून केरळच्या कोळिकोडेला, टाळेबंदीत अडकलेल्यांना आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेतलं उड्डाण. धावपट्टी पुन्हा डोंगरमाथा कापून केलेली. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, कसलेले वैमानिक. त्या रात्रीपासून मराठी घरांत त्यांच्याबद्दल जो आदर व्यक्त झाला त्यात खोटं काही नव्हतं. तरी चौकशी अहवाल वाचल्यावर 'त्यांनी प्रवाशांना वाचवलं' आणि 'त्यांची चूक' ही दोन्ही वाक्यं तोकडी वाटतात.

धो धो पाऊस. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर काही सेकंद चालून बंद पडला, आणि त्यांनी बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं: विमान वर घेतलं. दुसऱ्यांदा उतरताना त्यांनी पट्टीची विरुद्ध दिशा घेतली, आणि त्या दिशेने वारा मागून येत होता. मागचा वारा म्हणजे विमान तरंगत पुढे जातं, टेकत नाही. सुमारे ८,८५० फुटांच्या ओल्या पट्टीवर ते ४,४३८ फुटांवर टेकलं. सहवैमानिकाने गो-अराऊंड म्हटलं होतं. नियमाप्रमाणे त्यानंतर चर्चेला जागा नसते. कॅप्टन वर गेले नाहीत, आणि सहवैमानिकाने सुकाणू हातात घेतलं नाही. २१ जण गेले, त्यात ते दोघंही.

अहवालाने कारणांच्या यादीत एक कारकुनी वाटावी अशी गोष्ट नोंदवली आहे. कॅप्टन साठेंना दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडेहूनच दुसरं उड्डाण न्यायचं होतं. त्या तळावर कंपनीचे २६ सहवैमानिक होते आणि नेमणुकीवर कॅप्टन एक. विमान दुसऱ्या शहरात वळवलं असतं तर सकाळचं उड्डाण अडलं असतं. याचा अर्थ त्यांनी जाणूनबुजून जोखीम घेतली, असा मी घेत नाही. डोक्याच्या मागे चालू असलेलं ते गणित त्यांना स्वतःलाही जाणवलं नसेल. पण ड्यूटीचं वेळापत्रक लावणारा माणूसही कॉकपिटमध्ये बसलेला असतो, हे यातून दिसतं. आणखी एक बोचणारी बाब: कोळिकोडेच्या याच दिशेने पावसात, मागच्या वाऱ्यात उतरणं धोक्याचं आहे, असं कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ सालीच विमान वाहतूक खात्याला लेखी कळवलं होतं. इशारा फक्त यंत्रच देतं असं नाही.

कराचीचा अपघात योगायोगाने मंगळुरूच्याच तारखेचा, २२ मे २०२०. पाकिस्तानच्या पीआयए कंपनीचं ए-३२० फार उंचावरून, फार वेगात आलं. वैमानिक करोनाविषयी बोलत होते. एकदा उघडलेली चाकं पुन्हा मिटली गेली, यंत्रं ओरडत राहिली आणि विमान इंजिनांवर पट्टी खरवडत गेलं. मग ते वर घेतलं, पण खरवडलेली इंजिनं बंद पडली. विमानातल्या ९९ पैकी ९७ गेले, शिवाय खाली वस्तीत एक. महिन्याभरात पाकिस्तानच्या मंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की देशातल्या ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपने पीआयएला दार बंद केलं, ते २०२४ च्या अखेरीस उघडलं. आपण हसायचं कारण नाही. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचं मागच्याऐवजी पुढचं चाक आधी टेकलं, त्याची चौकशी करताना परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली, आणि धागा ओढल्यावर आणखी नावं बाहेर आली.

हे झाले उंच आणि वेगवान घराण्यातले अपघात. दुसरं घराणं याच्या उलट, खाली आणि मंद. तिथे मात्र यंत्राला मी इतक्या सहज सोडणार नाही.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-३२० बेंगळुरूला धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात पडलं. १४६ पैकी ९२ जण गेले. विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं किमान ताकदीवर राहतात आणि वेग सांभाळायचं काम नाकाच्या कोनावर सोपवलेलं असतं. वेग ओसरत गेला, तो वेळेत कोणाला दिसला नाही. २५ फेब्रुवारी २००९, अॅम्स्टरडॅम: टर्किश एअरलाइन्सच्या ७३७ चा डावा रेडिओ अल्टिमीटर म्हणाला की विमान जमिनीच्या आठ फूट खाली आहे. इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोथ्रॉटलने ते खरं मानलं, आता टेकतोच आहोत असं समजून जवळजवळ दोन हजार फुटांवर इंजिनांचा जोर काढून घेतला, आणि दीड मिनिटाहून जास्त वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. ९ मृत्यू. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को: एशियानाच्या ७७७ मध्ये कॅप्टनला वाटलं ऑटोथ्रॉटल वेग राखतो आहे. एक मोड बदलल्यामुळे तो जागचा हलत नव्हता. १३७ नॉट हवे होते, वेग १०३ पर्यंत घसरला. विमानाची शेपटी समुद्राकाठच्या बांधावर आपटली. तिघी मुली गेल्या.

तेवीस वर्षांचं अंतर, तीन खंड, दोन कारखाने, आणि सापळा एकच. अजून एक साम्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिन्ही उड्डाणांत कॉकपिटमध्ये कोणी ना कोणी शिकत होतं किंवा तपासलं जात होतं. बेंगळुरूला कमांडरची तपासणी चालू होती. अॅम्स्टरडॅमला सहवैमानिक प्रशिक्षणात होता, म्हणून तिसरा वैमानिक मुद्दाम मागे बसवलेला. सॅन फ्रान्सिस्कोला उतरवणाऱ्या कॅप्टनचे ७७७ वर फक्त ४३ तास झाले होते, आणि शेजारचा प्रशिक्षक प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदाच उडत होता. प्रशिक्षक शेजारी असला की शिकणाऱ्याला वाटतं, चुकलो तर ते बोलतील. प्रशिक्षकाला वाटतं, जरा थांबू, स्वतःहून सुधारतो का पाहू. दोघांच्या मधल्या त्या सौजन्याच्या जागेतून वेग निसटतो.

इशाऱ्यांचं काय? एशियानाच्या विमानात कमी वेगाची पहिली घंटा वाजली ती आपटायच्या अकरा सेकंद आधी. अवजड जेट इंजिनाला सुस्तीतून पूर्ण जोरात यायलाच त्यातले कित्येक सेकंद लागतात. अॅम्स्टरडॅमला तर तोच बिघडलेला अल्टिमीटर आधीपासून चाकांचा खोटा भोंगा वाजवत होता, आणि वैमानिकांनी ती नेहमीची खोड म्हणून सोडून दिली. लांडगा आला रे आला, दुसरं काय. म्हणजे एका बाजूला उशिरा बोलणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला उगाच बोलणारं. आणखी एक घंटा बसवा असं म्हणणाऱ्यांनी आधीच्या घंटा किती विश्वासाच्या आहेत, हे पाहावं. अलीकडच्या यंत्रणांपैकी मला खरोखर उपयोगाची वाटते ती एअरबसची: विमानाचा वेग, उंची आणि पट्टीची लांबी यांचा हिशेब मांडून ती टेकण्याआधीच पट्टी पुरणार नाही असं सांगते. ती 'तुम्ही वेगात आहात' म्हणत नाही, परिणाम सांगते.

आता गो-अराऊंडकडे. नियम पुस्तकात अगदी स्पष्ट आहे. ढगाळ हवेत १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर वेग, उतरण, चाकं आणि फ्लॅप सगळं जागच्या जागी हवं. नसेल तर वर जा. प्रत्यक्षात फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात आढळलं की अशा अस्थिर उतरणींपैकी सुमारे ३ टक्क्यांतच वैमानिक वर जातात. उरलेले ९७ टक्के उतरतात, आणि जवळजवळ सगळे सुखरूप उतरतात. गोची हीच आहे. नियम मोडूनही काही बिघडत नाही हा धडा वैमानिकाला रोजच्या रोज मिळत असतो. आपणही त्यात भर घालतोच. विमान वर घेतलं की केबिनमध्ये कुजबुज, उतरल्यावर तक्रार, आणि एखादा मोबाइलवरचा व्हिडिओ: 'थोडक्यात बचावलो.' त्या क्षणी कॅप्टनने पगाराचं खरं काम केलेलं असतं.

दुसरी बाजूही खरी आहे. गो-अराऊंड स्वतः निर्धोक नाही. २०१३ मध्ये कझान आणि २०१६ मध्ये रोस्तोव, दोन्हीकडे ७३७ वर घेताना वैमानिकांचा तोल गेला आणि सगळे गेले, ५० आणि ६२ जण. इंधन जाळून हलकं झालेलं विमान दोन्ही इंजिनांच्या पूर्ण जोरावर उसळतं, तेव्हा अंधारात कानातला तोल सांगतो की नाक आभाळाला लागलं आहे. हात आपोआप पुढे जातो. सिम्युलेटरमध्ये वर्षानुवर्षं गो-अराऊंडचा सराव झाला तो बहुधा एक इंजिन बंद ठेवून, कारण परीक्षेचा नमुना तसा. प्रत्यक्षात येतं ते दोन्ही इंजिनं ठणठणीत असलेलं, अचानक, वेड्यावाकड्या उंचीवरून. परीक्षेतलं गणित एक आणि बाजारातलं दुसरं.

मग प्रशिक्षणाचा दर्जा मोजायचा कशाने? सर्वांत सोपी पट्टी तासांची. २००९ मध्ये बफेलोजवळ उतरताना कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले. सुकाणू थरथरवून वेग संपल्याची सूचना मिळाली होती, आणि कॅप्टनने नेमकं उलटं, नाक वर ओढलं. त्यानंतर अमेरिकेने सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट घातली. गंमत अशी की कोलगनच्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजारांहून कितीतरी जास्त होते. आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो, आणि त्यावर विमानाच्या प्रकाराचं प्रशिक्षण घेऊन तरुण थेट जेटच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसतो. युरोपातही साधारण असंच चालतं आणि तिथलं आकाश अमेरिकेपेक्षा धोक्याचं ठरलेलं नाही. त्यामुळे तासांवरून भांडण्यात मला फार रस नाही. ते तास कसे भरले, याची चिंता जास्त आहे. गोंदिया, बारामती, शिरपूर, नागपूर या आपल्या भागातल्या प्रशिक्षण केंद्रांतून मुलं बाहेर पडतात, त्यांच्या घरांनी खर्चापायी बऱ्याचदा जमीन नाहीतर फ्लॅट गहाण टाकलेला असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली आणि विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने त्या संस्थेचं उड्डाण थांबवलं. अशा वाटेने आलेला, डोक्यावर कर्ज असलेला पंचविशीतला मुलगा दहा हजार तासांच्या 'सरां'च्या शेजारी बसतो.

कॉकपिटमधल्या सहकार्याचं शास्त्र याच खुर्चीसाठी जन्मलं. १९७८ मध्ये पोर्टलंडला युनायटेडचं डीसी-८ चाकांच्या दिव्यात गुंतून इंधन संपेपर्यंत घिरट्या घालत राहिलं, इंजिनिअर बोलला पण मुद्द्यावर जोर देऊ शकला नाही, १० जण गेले. पुढच्या तीन वर्षांत युनायटेडने वरिष्ठाला टोकण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. आपल्याकडेही ते आहे, वर्षातून एकदा, वर्गात, स्लाइडवर. गोखले यांच्या चौकशीतही आणि दहा वर्षांनी कोळिकोडेच्या अहवालातही सहवैमानिकाने ताबा न घेणं नोंदवलं आहे. दरम्यान वर्ग भरत राहिले, प्रमाणपत्रं मिळत राहिली.

जमिनीवरची कामं तुलनेने सोपी. पट्टीच्या टोकाला मऊ काँक्रीटचा थर टाकला की चाकं रुतून विमान थांबतं; न्यूयॉर्कच्या जेएफकेवर १९९९ पासून त्याने विमानं अडवली आहेत. पट्टीच्या रेषेत कठीण बांधकाम ठेवायचं नाही, हे मंगळुरूने शिकवलं होतं. तरी २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियात मुआनला जेजू एअरचं विमान पोटावर घसरत गेलं आणि अँटेनासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या बांधावर फुटलं. १८१ पैकी दोघं उरले.

थकव्याचंही तसंच. रात्रीच्या ड्यूटीत वैमानिकाने किती वेळा उतरायचं याची मर्यादा सहावरून दोनवर आणणारे आणि आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम डीजीसीएने २०२४ च्या जानेवारीत काढले. कंपन्यांनी मुदत मागितली. पूर्ण लागू झाले ते २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द होताच रात्रीच्या अटी तात्पुरत्या सैल झाल्या. विमानतळावर अडकलेल्या लोकांचा संताप खरा होता, पण ज्या अटी सैल केल्या त्या मंगळुरूच्या ध्वनिमुद्रणातल्या घोरण्यासाठीच होत्या, हे त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही.

आणि शिक्षा. योग्याकार्ताच्या कॅप्टनला २००९ मध्ये दोन वर्षांची कैद झाली, अपिलात ती रद्द झाली. आपल्याकडे घटना घडली की परवाना निलंबित, बातमी छापून येते, प्रकरण मिटतं. गो-अराऊंड करणाऱ्या वैमानिकाला कोणी शिक्षा करू नये, हे आता बहुतेक कंपन्या लेखी देतात. ते पुरेसं नाही. सिम्युलेटरच्या सहामाही परीक्षेत परीक्षकाने डाव्या खुर्चीत बसून मुद्दाम उंच, वेगात यावं, टोकल्यावर 'जमेल रे' म्हणावं, आणि उजवीकडचा मुलगा 'आय हॅव कंट्रोल' म्हणून सुकाणू घेतो का ते पाहावं. नाही घेतलं तर नापास करावं. आणि कॅप्टन होऊ पाहणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी: तेच शब्द कानावर पडल्यावर त्याचे हात किती लवकर सुटतात.